भावसिंगच्या लग्नातली धून

नातीच्या लग्नासाठी बँड ठरवायला भावसिंग राठोड आर्णीला आला, तेव्हा बाकी कशाबद्दलच त्याची अडचण नव्हती. माणसं किती, कपडे कोणते, नाचायची गाणी कोणती, सगळ्याला तो "हाव, हाव" म्हणत गेला. उठता उठता म्हणाला, "फक्त वरात मांडवात येताना थे एक धून पाह्यजे मले."

"कोनती?" बँडवाल्या धम्मरत्ननं विचारलं.

"माह्या लग्नात वाजलती थे."

"गानं सांगा ना काका."

"गानं नव्हतं. त्याले बोल नव्हते. नुसती धून होती."

"बरं, म्हनून दाखवा जराशी."

भावसिंगनं घसा खाकरला, डोळे मिटले आणि नाकातून आवाज काढला. आवाज वर गेला, मध्येच थांबला आणि घसरत खाली आला. त्यात ओळखू येईल असा सूर एकही नव्हता.

धम्मरत्न हसला नाही. तीस वर्षं तो बँड चालवत होता. बस स्टँडच्या मागच्या त्याच्या खोलीत अशी माणसं नेहमीच येत. कोणाला अर्धी ओळ आठवे, कोणाला नुसता ठेका. दोन सूर ऐकले की धम्मरत्न गाणं सांगतो, असं आर्णीत लोक म्हणत आणि ते खरंही होतं. त्यानं क्लॅरनेट जोडलं आणि एक जुनं गाणं वाजवलं.

"नाई," भावसिंग म्हणाला.

दुसरं वाजवलं. तेही नाही. तिसऱ्याला भावसिंगनं मान डोलावली, धम्मरत्नला बरं वाटलं, आणि मग भावसिंग म्हणाला, "गानं चांगलं आहे. पन हे नाई."

त्या दिवशी बारा गाणी झाली. दोन दिवसांनी भावसिंग पुन्हा हजर. त्याचा बंजारा तांडा आर्णीपासून बारा किलोमीटरवर. सकाळच्या ऑटोनं यायचा, खोलीतल्या बाकड्यावर बसायचा आणि धून म्हणून दाखवायचा. दर वेळी ती वेगळी असायची. धम्मरत्ननं ते बोलूनही दाखवलं.

"काका, परवा तुमी दोनदा थांबलते. आज एकदाच थांबले."

"थे तुमी पाहा ना मास्तर. मले गाता येते का?"

लग्न सव्वा महिन्यावर होतं. भावसिंगच्या नातीनं, राखीनं, आजोबांचा आवाज फोनमध्ये भरून गाणं शोधायचा प्रयत्न केला. फोननं पहिल्यांदा एक तेलुगू भजन दाखवलं, दुसऱ्यांदा कुठल्या तरी देशातलं बाळाला झोपवायचं गाणं, आणि तिसऱ्यांदा आवाज नीट येत नाही म्हणून कळवलं. भावसिंगनं ती दोन्ही गाणी नीट ऐकून घेतली आणि मग फोन परत दिला.

पंधरा दिवस असे गेले. धम्मरत्ननं भावसिंगच्या लग्नाच्या काळातली, त्याच्या आधीची, त्याच्या नंतरची, आठवतील तेवढी गाणी वाजवली. शेवटी वैतागून त्यानं एक लबाडी केली. भावसिंगच्या आवाजासारखी वर जाणारी, थांबणारी आणि खाली येणारी एक धून स्वतःच बसवली आणि पुढच्या खेपेला काही न बोलता वाजवली. वाटलं, म्हातारा खूश होईल आणि विषय मिटेल.

भावसिंगनं पूर्ण ऐकलं. "लय मस्त आहे मास्तर," तो म्हणाला. "कोनाची आहे?"

"अशीच आहे एक."

"हेही वाजवा तुमी लग्नात. पन थे नाई हे."

धम्मरत्ननं क्लॅरनेट खाली ठेवलं. त्याला राग आला होता, आणि जास्त राग याचा की आता ती धून त्यालाही सोडत नव्हती. भाजी घेताना, गाडीला किक मारताना तो नाकातल्या नाकात तेच वर जाणं आणि थांबणं घोकत होता. सरावाच्या वेळी ढोलवाल्यानं विचारलं, "मास्तर, हे काय वाजवून राह्यले तुमी?" तेव्हा तो त्याच्यावर खेकसला.

मग तो स्वतःच तांड्यावर गेला. म्हटलं, लग्न दोघांचं होतं, बाईला विचारू.

सोनीबाई अंगणात तुरी पाखडत बसली होती. भावसिंगची बायको, बासष्ट-त्रेसष्टची, हाडापेरानं मजबूत. तिनं धम्मरत्नला पाणी दिलं, बसायला खाट दिली आणि धुनीचं नाव काढताच सूप खाली ठेवलं.

"कोनता बँड? माह्या लग्नात बँड नव्हता."

"होता," भावसिंग आतून म्हणाला.

"नगारा होता. मले चांगलं आठोते."

"नगारा होता आन बँडही होता. माह्या काकानं आनलता फुलसावंगीहून."

"मंग मले कसा नाई आयकू आला?"

"थे मी काय सांगू?"

धम्मरत्नला एकदम हलकं वाटलं. तो म्हणाला, "काका, काकू म्हनते थेच खरं असन. तुमी दुसऱ्या कोनाच्या लग्नात आयकली असन थे."

भावसिंग बाहेर आला. धम्मरत्नकडे, मग बायकोकडे पाहिलं. "माह्या लग्नात मी होतो का नाई?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता वावराकडे निघून गेला.

दोन दिवसांनी त्याचा मुलगा भारत धम्मरत्नकडे आला. भारतच्याच पोरीचं लग्न होतं आणि त्याला शंभर कामं होती. "मास्तर," तो म्हणाला, "बापू घरात बोलून नाई राह्यले. याडी, माही माय, म्हनते, बोलू नका. पत्रिका वाटाच्या का हे निस्तराचं? मी मामाले फोन केलता. धनसिंगमामा म्हनते बँड होता. क्लॅरनेटवाला वामनराव, अजून आहे फुलसावंगीत. वावर करते. रविवारी जाऊ आन एकदाचं संपवू. तुमी चला, नाई तर बापू थ्या मानसासमोरही नाकातूनच म्हनन."

रविवारी सकाळी सगळे भारतच्या गाडीतून निघाले. सोनीबाईही आली. धुनीसाठी नाही, तिचं माहेर फुलसावंगीजवळचा तांडा, जाताजाता भावाला भेटता येईल म्हणून. महागाव येईपर्यंत नवरा-बायको दोन खिडक्यांतून दोन बाजूंना पाहत बसले होते.

वामनरावांचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात तुरीचा ढीग, बाजूला तुराट्यांच्या पेंढ्या. सत्तरीकडे झुकलेले वामनराव बनियनवर बाहेर आले. कोण, कुठले ते ऐकून घेतलं. त्यांच्या बायकोनं, मैनाबाईनं, सोनीबाईला आत नेलं.

"क्लॅरनेट सोडलं मी," वामनराव म्हणाले आणि ओठ वर करून दाखवला. वरचे पुढचे दात नव्हते. "दात गेले तवा फुंक गेली. वाजा भाच्याले देऊन टाकला."

धम्मरत्ननं मनातल्या मनात डोक्याला हात लावला. तरी विचारलं, "पंचेचाळीस वर्षांआधी, इथच्याच तांड्यावरचं लग्न. वरात आर्णीकडची. काही आठोते?"

"लग्नं लय वाजवली बापा."

भावसिंग पुढे सरकला. धम्मरत्न थांबवणार तोच त्यानं डोळे मिटले आणि नाकातून धून म्हटली. भारतनं तोंड फिरवलं. वामनराव मात्र ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "अजून एक बार म्हना."

भावसिंगनं पुन्हा म्हटली. अर्थातच वेगळी.

"पांढऱ्या बैलाची बंडी होती का?" वामनरावांनी विचारलं.

"हाव," भावसिंग म्हणाला. "एक पांढरा, एक कबरा."

"मंग आठोलं. थे गानं नाई. मी नवा होतो बँडमधी, बावीस वर्षांचा. पाच गानी येत होती मले. नवरी निघाली तवा आमी वाजे खाली ठेवून उभे. रडन्याच्या वक्ताले वाजवत नसते. तुमच्या लोकात नवरी नुसती नाई रडत, सुरात रडते."

"ढावलो म्हनते त्याले," भारत म्हणाला.

"हाव, थेच. त्या पोरीचा गळा असा होता का मी वाजा घ्याचं इसरलो. बंडी निघाली. आमी मांगं चालत. आन माह्या बोटानं थेच वाजवनं सुरू केलं, हळू. आमच्या बँडमास्तरनं डोळे मोठे केले, पन थांब म्हनलं नाई. पैनगंगेच्या वाटेनं दोन कोस मी थेच वाजवलं."

धम्मरत्न क्लॅरनेट जोडत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला घाई झाली. "सांगा वामनरावजी, कसं होतं? वरच्या सुरात सुरू?"

"तोंडानं नाई सांगता येत." वामनरावांनी इकडेतिकडे पाहिलं, पेंढीतून एक तुराटी ओढली, दोन्ही हातांत क्लॅरनेटसारखी धरली आणि तिच्यावर बोटं ठेवली. "बोटं पाहा माही."

बोटं हलू लागली. धम्मरत्न समोर उकिडवा बसला आणि एकेक बोट पाहत फुंकू लागला. पहिल्यांदा चुकला. वामनरावांनी मान हलवली, बोटं पुन्हा पहिल्या जागी नेली. दुसऱ्यांदा अर्ध्यापर्यंत गेला. डाव्या हाताचं मधलं बोट कुठे उचलायचं ते कळेना. वामनराव चिडून म्हणाले, "आधी उचला, मंग फुंका," आणि धम्मरत्ननं शिकाऊ पोरासारखी मान डोलावली. तिसऱ्यांदा सगळं आलं. सूर वर गेला, तिथे श्वास अडकल्यासारखा थांबला, आणि एकेक पायरी सोडत खाली आला.

भावसिंग अंगणात खाली बसला. धम्मरत्ननं धून पुन्हा धरली, आता न अडखळता.

आतून सोनीबाई आली. हातात चहाचा कप तसाच होता. "हे कोनं शिकवलं तुमाले?" तिनं विचारलं.

"यायनं," धम्मरत्ननं वामनरावांकडे बोट दाखवलं.

"हे माहं आहे," सोनीबाई म्हणाली. "माह्या बापाच्या नावानं, भावाच्या नावानं, गोठ्यातल्या गाईच्या नावानं रडली मी थे. आईनं शिकवलेलं नव्हतं. असंच आलं तोंडात." मग ती नवऱ्याकडे वळली. "हे धून आहे काय तुमची? महिनाभर मास्तरच्या दारात बसले थे याच्यासाठी?"

"मले काय मालूम," भावसिंग म्हणाला. "मी बंडीत समोर पाहत बसलो होतो. मांगून वाजत होतं."

"मी शेजारी होती ना बंडीत."

"तू पदरात डोस्कं घालून होती."

"रडत होती मी. माहं घर सुटून राह्यलं होतं, आन तुमाले धून आयकू येत होती." तिनं कप ओट्यावर ठेवला. "पंचेचाळीस वर्षं झाली. रोज पानी भरताना, दळताना म्हनते मी हे. घरातल्या घरात कधी वळखू नाई आलं तुमाले?"

खरं म्हणजे भावसिंगला आता आठवत होतं. सकाळी न्हाणीकडून येणारा आवाज. तो घरातल्या इतर आवाजांसारखाच एक होता, आणि बाजेवर चहा पिताना त्यानं तो कधी लक्ष देऊन ऐकला नव्हता. "तुहं हळू असते," तो एवढंच म्हणाला.

भारत गाडीकडे गेला आणि उगाच काच पुसत उभा राहिला.

परतीच्या वाटेवर महागावच्या पुढे सोनीबाईनं निकाल दिला. "मास्तर, वरात येताना हे वाजवाचं नाई. पोट्टे नाचतीन याच्यावर. हे नाचाचं नाई."

"बरं काकू."

"मंग इतकं शोधलं कायले?" भावसिंग म्हणाला.

"थे तुमी तुमालेच इचारा."

धम्मरत्न पुढच्या सीटवर बसून होता. महिनाभराची मेहनत, आणि वाजवायचं नाही. राग यायला हवा होता, पण धून सापडली होती आणि डोकं मोकळं झालं होतं. घरी पोचल्यावर मात्र त्यानं ती दोनदा वाजवून पाहिली, विसरू नये म्हणून.

लग्न वैशाखात झालं. वरातीत नेहमीची गाणी वाजली, पोरं घामाघूम होईस्तोवर नाचली. भावसिंग पाहुण्यांची ऊठबस करत फिरत होता. धम्मरत्नजवळून चार वेळा गेला, पण धुनीचं नाव त्यानं काढलं नाही.

पाच वाजता राखी निघाली. ती बीएस्सी झालेली, यवतमाळला होस्टेलवर राहिलेली. आजीच्या गळ्यात पडून रडली, पण हुंदके देऊन, साधी. ढावलो तिला येत नव्हता आणि कोणी तिला तो शिकवलाही नव्हता. बायका जराशा खोळंबल्या. मग सोनीबाईनंच सुरू केलं. नातीचं डोकं खांद्यावर धरून तिनं सूर वर नेला आणि तिथे तिला दम लागला. खोकला आला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच आवाज तुटला.

धम्मरत्न माणसांसोबत लांब उभा होता. वाजे खाली ठेवलेले होते.

सोनीबाईनं नातीच्या खांद्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "पाहून काय राह्यले मास्तर?" ती खोकत म्हणाली. "वाजवा ना पुढचं."

त्यानं क्लॅरनेट उचललं आणि ती थांबली होती तिथून पुढे नेलं. ढोलवाले हलले नाहीत. एकट्या क्लॅरनेटचा आवाज मांडवातून बाहेर गेला. दुसऱ्या फेरीला सोनीबाईचा आवाज त्यात मिसळला. राखीला शब्द येत नव्हते, ती नुसता सूर धरू लागली.

मांडवाबाहेर भावसिंग आणि भारत टेम्पोवर राखीचं कपाट चढवत होते. भावसिंगच्या हातातला दोर सैल पडला. कपाट एका बाजूला कलंडलं, भारतनं पाठ लावून ते सावरलं.

"बापू, दोर वढा ना," भारत म्हणाला. "बापू, आयकू येऊन राह्यलं ना तुमाले?"

भावसिंगनं दोर ओढला नाही. ड्रायव्हरनं उतरून त्याच्या हातून तो घेतला आणि गाठ मारली. टेम्पो आणि राखीची गाडी निघेपर्यंत भावसिंग तिथेच उभा होता. मग तो मांडवात आला, सोनीबाईच्या शेजारी सतरंजीवर बसला आणि तिच्यासाठी पाणी मागवलं.