फळीवरचा उपडा वाडगा

मी एक जुना ॲल्युमिनियमचा वाडगा आहे, मित्रांनो. माझ्या बुडाला पोचा आहे. म्हणून मी सरळ बसत नाही; जरा धक्का लागला की डुलतो.

कारखान्यात सपाट पत्र्यावर दाब पडला आणि मला खोलगट आकार मिळाला. या घरात आलो तेव्हा मी चकचकीत होतो. आजी माझ्यात तांदूळ धुवायची. हाताला बसणारे भांडे आहे, असे म्हणायची. एकदा ओट्यावरून पडलो, पोचा आला आणि माझी रवानगी मागच्या दारापाशी झाली, भुऱ्या कुत्र्याला पाणी ठेवायला. मला वाईट वाटले. पण पाणी पिऊन झाले तरी भुऱ्या मला एकदा चाटून जायचा. एवढी माया मला ओट्यावर कधी मिळाली नव्हती.

मग भुऱ्याला ॲलर्जी झाली. पंजे चावून चावून त्याने लाल केले, पोटावरचे केस गेले. घरातल्या मुलांचे बाबा त्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या आणि खाज थांबली. सगळे खूश झाले. त्याची तहान मात्र वाढत गेली. काठोकाठ भरलेला मी बघता बघता कोरडा व्हायचो. हा काय विहीर गिळणार आहे का, असे मुलांची आई हसून म्हणायची. पुढे भुऱ्या घरातच मुतू लागला आणि तिचे हसू गेले. पायपुसणी, सतरंजी धुवून धुवून ती टेकीला आली. भुऱ्या मान खाली घालून कोपऱ्यात बसायचा.

"पाणी आत गेलंच नाही, तर बाहेर कुठून येईल?" आजी म्हणाली.

ते सगळ्यांना पटले. सकाळ-संध्याकाळ घोटभर पाणी, बाकी वेळ मी फळीवर, उपडा. गोळी मात्र कोणी चुकवली नाही.

फळीवरून मला सगळे दिसत होते. माझ्या बुडाचा ओला गोल फरशीवर उरला होता, तो भुऱ्याने चाटला. मग तो न्हाणीघराची ओली फरशी चाटू लागला, तर ते दारही लावून घेतले. तो माझ्याकडे वर बघत उभा राहायचा. मला डुलून डुलून खाली पडायचे होते. पण उपडा वाडगा डुलत नाही.

एका दुपारी तो उठलाच नाही. बाबा त्याला उचलून डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि एकटेच परत आले. हातात नुसता पट्टा होता.

"त्या गोळीनेच तहान लागते," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पाणी भरपूर ठेवा, बाहेर जास्त वेळा न्या. मी खाज थांबेल एवढंच ऐकून आलो."

आजीने मला खाली काढले, काठोकाठ भरले आणि मागच्या दारापाशी ठेवले. ते पाणी तसेच आटून गेले.

मित्रांनो, औषध एक त्रास घालवताना दुसरा देऊ शकते. मुका जीव वेगळा वागू लागला, तर त्याला रागावण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्यांचे बोलणे शेवटपर्यंत ऐका. आणि कोणाच्याही पुढचे पाणी काढून घेऊ नका. भुऱ्याला याचा आता काही उपयोग नाही. मी अजून दारापाशीच आहे, कोरडा.