खरवडलेली बोटे

नांदेडच्या होळी भागात बापूसाहेब वकिलांच्या घरी सकाळी सहाला दोन आवाज सुरू होत. एक मागच्या अंगणातल्या रहाटाचा आणि दुसरा माडीवरच्या फिडलचा. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांना त्यांतला फरक ओळखू येत नसे. सात वर्षे उलटली, रहाट होता तसाच कुरकुरत राहिला. फिडल मात्र सुरू झाले की पलीकडच्या घरातली म्हातारी जात्याचा खुंटा धरून क्षणभर थांबू लागली.

वाजवणारी प्रमोदिनी, बापूसाहेबांची एकुलती मुलगी. तिला सतरावे लागले होते. आठवड्यातून तीन दिवस तिला शिकवायला गुरुबसप्पा येत. ते मूळचे औशाचे. तरुणपणी एका फिरत्या नाटक कंपनीत फिडल वाजवीत. कंपनी बुडाली तेव्हा नांदेडला येऊन शिकवण्या धरल्या. प्रमोदिनी त्यांना अप्पा म्हणे.

"सतारीला पडदे असतेत," अप्पा सांगत. "हितं काय हाय? नुसती काळी पट्टी. सूर कुठं हाय ते कुणी लिहून ठिवलं न्हाई. कान म्हणंल तितं बोट ठिवायचं. चुकलं तर चुकलं, फिरून ठिवायचं."

भैरवातल्या कोमल रिषभावर तिने पाच महिने काढले होते. बोट किंचित वर गेले तर सूर उघडा पडे, किंचित खाली राहिले तर मेल्यासारखा होई. गज हळू ओढत ती तोच एक सूर पुन्हा पुन्हा लावी आणि कधीतरी, शंभरातून एकदा, तो असा लागे की फिडलचे लाकूड छातीशी थरथरे. त्या दिवशी तिला भाकरी गोड लागत असे. कोणी सांगितल्याशिवाय आपल्याला खरे-खोटे कळते, ही गोष्ट तिला या घरात दुसऱ्या कशानेही शिकवली नव्हती.

डाव्या हाताच्या चार बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. पिवळट, टणक, तारेच्या रुंदीची रेघ उमटलेले. अप्पांनी ते प्रथम पाहिले तेव्हा स्वतःची बोटे तिच्या बोटांशेजारी धरली आणि म्हणाले, "आता तारा चावणार न्हाईत."

बापूसाहेब सुधारक म्हणून ओळखले जात. हैदराबादेहून फिडल त्यांनीच आणले होते. वाचनालयात स्त्रीशिक्षणावर ते बोलत तेव्हा लोक माना डोलावत, आणि प्रमोदिनीला वाटे, असा बाप कुणाच्या नशिबी असतो.

मग एका सकाळी ते माडीवर आले. तिचा आलाप चालू होता. तो संपण्याची वाट न पाहता ते अप्पांना म्हणाले, "अप्पा, आता हे लांबलचक बस्स झालं. दोन-तीन गोड चिजा बसवून द्या. पाच मिनिटांत आटपतील अशा. स्थळं बघायला सुरुवात केलीय."

अप्पांनी तिच्याकडे पाहिले नाही. "जी, बसवतो," म्हणाले.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर पाहुणे येऊ लागले. कुणी परभणीचे, कुणी हिंगोलीचे. प्रत्येक वेळी तेच. चालून दाखव. सुईत दोरा ओव. वेणी सोड, केस खरे आहेत का बघू. पुस्तक वाच. एका आजीबाईंनी तिला खिडकीपाशी नेऊन तोंड उघडायला लावले आणि दाढा पाहिल्या. सोमवारच्या बाजारात बैलाचे दात असेच पाहतात, फक्त बैलाला नंतर कुणी "गोड हस गं" म्हणत नाही.

शेवटी फिडल. बसून वाजवताना उजवा पाय थोडा पुढे घेऊन घोट्यावर फिडलचे टोक टेकवावे लागते. अप्पांनी तिला तसेच शिकवले होते. पण पुरुषांसमोर मुलीने पाय पुढे करून बसायचे नाही, म्हणून आईने, उमाबाईंनी, तिला दोन्ही पाय लुगड्याखाली दुमडून बसायला शिकवले. आधार नसलेले फिडल निसटे, ते ती हनुवटीने दाबून धरी. पाहुणे सुपारी कातरत कापसाच्या भावाचे बोलत. एक जण मांडीवर ताल धरी, तोही चुकीचा. मध्येच कुणीतरी "पुरे, पुरे, छान आहे" म्हणे, आणि सूर अर्धाच तुटे. तिला त्या अर्ध्या तुटलेल्या सुराची शिसारी येई. तोंडात केस आल्यासारखे वाटे. पाहुणे गेले की ती बराच वेळ चूळ भरत बसे.

सहावे स्थळ हिंगोलीचे होते. मुलाच्या आईने तिचा हात हातात घेतला, बोटांची टोके चाचपली आणि झुरळ हाती लागावे तसा हात सोडला. चार दिवसांनी निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण हात मजुरणीसारखे राठ आहेत.

बापूसाहेबांची थोरली बहीण गुणाबाई लातूरला दिलेली होती. तिच्या कानावर हे गेले आणि ती पुढच्याच गाडीने नांदेडला आली. आल्या आल्या तिने भाचीचा हात उजेडात धरला.

"बघ उमे, हात दाखवून अवलक्षण म्हणतेत ते हेच. लातूरला मी सोन्यासारखं स्थळ काढलंय. व्यंकटराव जहागीरदारांचा मुलगा, रेणुकादास. नुकतीच वकिलीची सनद मिळालीय. असले हात घेऊन नेऊ का मी तिला?"

"मग काय करायचं, वन्सं?" उमाबाईंनी विचारले.

"काढायचे. पायाच्या भेगा काढत न्हाई का आपण?"

फिडल माळ्यावर गेले. रोज दुपारी परातीत कोमट पाणी घेऊन प्रमोदिनीची बोटे त्यात बुडवून ठेवायची, आणि कातडे फुगले की न्हाणीघरातल्या वजरीने ते घासायचे. टाचा घासायची खरबरीत वजरी ती. गुणाबाई मनगट धरी, उमाबाई घासत. परातीतल्या पाण्यावर कातड्याचे पांढरे भुगे तरंगू लागत. सात वर्षांतल्या सकाळी त्या पाण्यात सुटत होत्या आणि वरून सायीचा वास येत होता, कारण नंतर बोटांना साय चोळायची. चौथ्या दिवशी वजरी पुरेना, तेव्हा गुणाबाईने बापूसाहेबांच्या दाढीच्या पेटीतले पाते आणले. बापूसाहेबांनी ते मागितले तेव्हा कशासाठी नेले हे त्यांना सांगण्यात आले. "जरा जपून," एवढेच ते म्हणाले, आणि पुन्हा मुकदम्याच्या कागदांत डोके घातले.

अप्पा आठवडाभर औशाला गेले होते, ते आठव्या दिवशी आले. त्यांना दारातच सांगितले गेले की महिनाभर शिकवणी बंद. ते वळणार तोच प्रमोदिनी ओट्यावर आली. तिने डावा हात पुढे केला. बोटांची टोके लाल, ओली, नव्या जखमेसारखी चकचकत होती.

अप्पांनी पाहिले आणि तोंड फिरवले. ओट्याच्या कडेला जाऊन थुंकले.

"कुणी केलं?"

"आईनं. आत्याबाईंनी धरलं. पातं बापूंचं." मग तिने विचारले, "अप्पा, तुम्हाला ठाऊक होतं ना? बापू मला कशासाठी शिकवत होते ते?"

"व्हतं," अप्पा म्हणाले. "पयल्या दिवसापास्नं व्हतं. मी म्हनलं, पोरीचा हात चांगलाय, शिकून घेऊ दे, पुढचं पुढं. गप बसलो. मोठ्याचं घर हातचं जाईल म्हनून बी गप बसलो. मी तुला शिकवत न्हवतो पोरी, तुझा शिणगार करत व्हतो."

ते पायऱ्या उतरून गेले. प्रमोदिनीला त्यांची दया आली नाही. खरे बोलले, एवढेच तिने मनात ठेवले.

पंधरा दिवसांनी मंडळी लातूरला निघाली. आधी रेल्वे, मग सर्व्हिस मोटार. फिडलची पेटी बापूसाहेबांनी स्वतःच्या मांडीवर घेतली होती. वाटेत एका ओळखीच्या गृहस्थाने विचारले तेव्हा ते कौतुकाने म्हणाले, "मुलगी वाजवते. मी शिकवलंय."

गुणाबाईच्या घरी सोप्यात गालिचा अंथरला होता. व्यंकटराव, त्यांची पत्नी, रेणुकादास आणि दोन-तीन नातेवाईक बसले होते. चालणे झाले, वाचन झाले, केस सोडून झाले. मग व्यंकटरावांनी पानाची पिंक पिकदाणीत टाकून सांगितले, "हं, आता ते वाजवणं होऊ द्या. नाव ऐकून आहोत."

प्रमोदिनीने पाय दुमडून घेतले आणि फिडल हनुवटीखाली दाबले. पहिल्या सुरालाच तार कोवळ्या कातड्यात रुतली. भीमपलासातली बसवलेली गत तिने सुरू केली. बोटे सरकेनात; सरकली की आग होई. तिसऱ्या आवर्तनात मधले बोट फाटले. काळ्या पट्टीवर ओले काहीतरी घसरू लागले, सूर निसटू लागला, आणि रक्ताचा एक थेंब मनगटावरून ओघळून गालिच्याच्या कडेवर पडला.

मुलाच्या आईने तो पाहिला.

"अगं बाई, तो गालिचा मागं घ्या कुणीतरी," ती म्हणाली. "डाग जात न्हाई रक्ताचा."

कुणीतरी गालिचा ओढला. प्रमोदिनी थांबली. मुलाची आई पुढे सरकली, तिने प्रमोदिनीचा तो हात उचलला, पदराने रक्त टिपले आणि बोटांची टोके अंगठ्याने दाबून पाहिली. तिच्या अंगठ्याला चुना आणि तंबाखूचा वास होता. तो अंगठा उघड्या जखमेवर फिरला.

"हात मऊ आहेत हो," ती नवऱ्याकडे वळून म्हणाली. "हिंगोलीकरांनी उगीच उठवलं होतं. आपल्याला पसंत आहे."

गुणाबाईने साखर आणायला आत हाक दिली. बापूसाहेबांच्या चेहऱ्यावर हसू पसरले. प्रमोदिनीने हात सोडवून घेतला.

"एक विचारू का?" तिचा आवाज बेताचाच होता. "तुमच्या घरी आल्यावर मला वाजवू द्याल?"

मुलाच्या आईला प्रश्न मजेशीर वाटला. "लग्न झाल्यावर कशाला वाजवायचं? घरंदाजाच्या घरात बायका फिडल वाजवत बसतेत का?"

"मग आत्ता कशाला वाजवायला लावलं?"

"आता, पाहायचं असतं म्हणून. सगळेच पाहतेत."

प्रमोदिनी रेणुकादासकडे वळली. "आणि तुम्हाला? तुम्हाला ऐकावंसं वाटेल?"

सनद मिळालेला तो वकील आईकडे पाहू लागला. बहुधा हा प्रश्न त्याला विचारता येतो, हेच त्याला त्या दिवशी कळले.

"तुम्ही मला पसंत केलंत," प्रमोदिनी म्हणाली. "मला तुम्ही पसंत नाही. बोट फाटलं तेव्हा तुम्हाला गालिचा दिसला. आजपासून मी कुणालाच दाखवायला बसणार नाही. चालून नाही, केस सोडून नाही, वाजवून तर नाहीच."

"पमे, तोंड सांभाळ," बापूसाहेब उठून उभे राहिले.

तिने फिडल पेटीत ठेवले, गजाचे केस सैल केले, कडी लावली आणि पेटी उचलून ती आत गेली. सोप्यात खूप वेळ बोलणे चालले. व्यंकटरावांचा चढलेला आवाज, गुणाबाईची मनधरणी, मग वहाणांची करकर.

परतीच्या मोटारीत बापूसाहेब एकदाच बोलले. "गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. एवढं शिकवलं त्याचं हे फळ?"

"वाचनालयात तुम्ही बोलता ते मी जिन्यावर बसून ऐकायची, बापू," ती म्हणाली. "मला ते खरं वाटायचं."

त्यानंतर पाच महिने ते तिच्याशी एक शब्दही बोलले नाहीत. गावात आवया उठल्या. मुलीला वेड लागले, मुलीचे कुणाशी तरी आहे, फिडल शिकवणाऱ्याशीच आहे. हे शेवटचे बोलणाऱ्यांत वाचनालयात माना डोलावणारेही होते. अप्पांना तीन घरांनी शिकवणीवरून काढले. तरीही ते आले. ओट्यावर उभे राहून उमाबाईंना म्हणाले, "वैनी, पोरगी शिकनार असंल तर मी येतो. दाखवायसाठी न्हाई."

उमाबाईंनी त्यांना आत घेतले. लातूरहून आल्यापासून मुलीच्या गळ्यात पडलेले सकाळचे पाणी त्या आठवड्यापासून त्या स्वतः भरू लागल्या, म्हणजे मुलीला तो तास मोकळा मिळावा. एकदा प्रमोदिनीच्या हाताला चिंधी बांधताना एवढेच म्हणाल्या, "माझ्या हातानं झालं ते. मला वाटलं, सगळ्याच आया करतेत."

पुढे दोन वर्षांनी एका खाजगी कन्याशाळेत प्रमोदिनीला संगीताचा तास मिळाला. बोटे बरी झाली होती, तरी मधल्या बोटाचे टोक कायमचे बधिर राहिले. त्या बोटाने कोमल रिषभ लावताना तिला काही जाणवत नसे, केवळ कानावर विसंबावे लागे. लग्न ठरले नव्हते. ठरेल की नाही ते तिला ठाऊक नव्हते. कधी कधी संध्याकाळी तिला त्याची भीतीही वाटे, हे लपवण्यात अर्थ नाही.

एका दुपारी एक बाई अकरा-बारा वर्षांच्या मुलीला घेऊन तिच्याकडे आल्या. चांगल्या घरच्या, बोलायला मऊ.

"बाई, हिला फिडल शिकवायचंय. फार नको. दोन-तीन चिजा. पुढं-मागं पाहुणे येतील तेव्हा कामाला येतील."

प्रमोदिनीने मुलीकडे पाहिले. मुलगी भिंतीला टेकवलेल्या फिडलकडे पाहत होती.

"दोन-तीन चिजा मी शिकवीत नाही," ती म्हणाली. "शिकायचं तर सात-आठ वर्षं शिकायचं. पाहुण्यांसमोर मी वाजवू देणार नाही. आणि हिची बोटं राठ होतील. तशीच राहू द्यावी लागतील."

बाईंच्या चेहऱ्यावरचा मऊपणा हळूहळू आवळत गेला. "अगं बाई, मग हिला घेणार कोण?"

"ते मला ठाऊक नाही."

बाई उठल्या, मुलीचा हात धरला आणि गेल्या. त्या काही दुष्ट नव्हत्या. त्यांच्या मुलीवर त्यांचा जीव होता आणि त्या जिवापोटीच त्या उद्या परात मांडतील, पाणी कोमट आहे की नाही ते आधी स्वतःच्या हाताने पाहतील. आपल्या घरांत हे पाप असे प्रेमाने, साय लावून केले जाते. म्हणून त्याची किळस येत नाही.

या आठवड्यात तुमच्या सोप्यात एखादी मुलगी मान खाली घालून बसणार असेल आणि बैठकीतले कुणी तिचा हात पाहायला मागेल. तेव्हा तुम्ही तिथे असाल. बापूसाहेबही तिथेच होते.