बाहुल्यांच्या दवाखान्याचा मालक कोण?

या, असे पुढे सरका. दाराशी एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून ऐकलेलं कानाच्या खाली उतरत नाही. नीट मांडी घाला. गुडघे कुरकुरत असतील तर भिंतीला टेका, इथे कुणी परकं नाही. आज एका नावाची गोष्ट सांगतो. देवाचं नाव घ्यायला ना ओळखपत्र लागतं ना कुणाची परवानगी, हे आपलं केवढं भाग्य! पण दुकानाचं नाव इंटरनेटवर घ्यायचं म्हटलं की काय काय होऊन बसतं ते ऐका. आणि हसू आलं तर दाबू नका, पोटात दुखतं.

तर एक होत्या ताई. मोडक्या बाहुल्या दुरुस्त करायचा त्यांचा धंदा. दुकानात शिरलं की समोर फळीवर ओळीनं रुग्ण निजलेले. कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाचा हात खांद्यातून निखळलेला, कुणाचे केस कुत्र्यानं खाल्लेले. प्रत्येकीच्या पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधलेली. खिडकीशी ताईंचं टेबल, त्यावर सरसाची वाटी, चिमटे, हातपाय आतून ओढून धरणारी रबरं आणि उंदराच्या मिशीएवढे बारीक ब्रश. दुकान वडिलांनी सुरू केलेलं. पाटीवर त्यांच्याच हातचं नाव होतं, ‘बाहुल्यांचा दवाखाना’.

ताईंचा थोरला भाऊ, दादा, वरच्या गल्लीत नव्या बाहुल्या बनवायचा. वडील गेल्यापासून दोघांत बोलणं बंद. कारण? डोळे. वडील बाहुल्यांसाठी काचेचे डोळे स्वतः फुंकून बनवायचे, आणि जाताना एक ड्रॉवरभर मागे ठेवून गेले. दादा म्हणाला, नव्या बाहुल्यांना हवेत. ताई म्हणाल्या, जुन्यांचा हक्क आधी. नाकावर माशी बसू न देणारी दोन माणसं! शेवटी वाटणी झाली, आणि ती इतकी काटेकोर झाली की प्रत्येक जोडीतला उजवा डोळा दादाला गेला आणि डावा ताईंना. पुढे दादाच्या बाहुल्या बाजारातल्या प्लास्टिकच्या डोळ्यांनी बघायच्या, ताईंच्याही. घरी मात्र दोघांकडे एकेक पेटी, एकेका डोळ्यानं वाट बघत बसलेली.

अशात एक दिवस ताईंच्या कानावर आलं की दादानं आपल्या कारखान्याचं नाव इंटरनेटवरच्या पत्त्यासाठी घेतलं, मागे देशाची दोन अक्षरं लावून. झालं! ताई दुसऱ्याच दिवशी दादाला नाव मिळवून देणाऱ्या एजंटाच्या दारात.

हा एजंट झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसे. नोंदणी कार्यालयाकडून नावं घ्यायची आणि गिऱ्हाइकांना विकायची, हा त्याचा धंदा. माणूस गोड, गुबगुबीत, आणि कशालाही एकच उत्तर. “पंखा दुरुस्त करा हो.” “होऊन जाईल!” “जिन्यात दिवा लावा.” “होऊन जाईल!” म्हणून सगळी पेठ त्याला होऊनजाईल म्हणायची. त्याला रागही यायचा नाही. राग यायलासुद्धा थोडी मेहनत लागते.

“मला आजच्या आज नाव हवं,” ताई म्हणाल्या.

“होऊन जाईल!”

आणि खरंच झालं. संध्याकाळपर्यंत बाहुल्यांचा दवाखाना इंटरनेटवर उघडला. ताईंच्या सुनेनं फोटो चढवले आणि लांबलांबून मोडक्या बाहुल्या खोक्यांतून येऊ लागल्या. गावातले लोक पाटी बघून येत ते थोडे. बाकी सगळे त्या नावावरून येत. ताईंचं घर आता त्या नावावर चालत होतं.

सारं सुरळीत चाललं असताना एका दुपारी फोन आला. चौकातल्या मोठ्या खेळण्यांच्या दुकानाचा मॅनेजर बोलत होता.

“बाहुल्यांचा दवाखाना हे नाव आम्ही घेतोय. म्हटलं, आधी कळवावं.”

“घेतोय म्हणजे? नाव काय फळीवर ठेवलंय?”

“तुमच्या एजंटला विचारलं. तो म्हणाला, होऊन जाईल.”

ताईंच्या हातातलं बाहुलीचं मुंडकं सुटून टेबलाखाली गडगडलं. सून आतून धावत आली. ही मुलगी मोठी शांत आणि डोक्यानं तल्लख. तिनं लगेच नोंदणी कार्यालयाच्या पानावर दवाखान्याचं नाव टाकलं. तिथे कुठल्याही नावाचा मालक कोण ते दिसतं.

“आई, बसा आधी.”

“मी बसलेलीच आहे.”

“मग घट्ट बसा. मालक तुम्ही नाही. होऊनजाईलही नाही. मालक मामा आहेत. दादामामा.”

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “डोळे नेले ते नेले, आता नावही? आणि ते मोठं दुकान त्याचंच गिऱ्हाईक! भावानं बहिणीचं विकायचं आणि दुकानानं घ्यायचं. चल.”

“कुठे? मामांकडे?”

“त्याचं तोंड कोण बघतो! आधी त्या होऊनजाईलकडे.”

जिन्यात दिवा नव्हताच. सासू-सून चाचपडत वर गेल्या. होऊनजाईल बंद पंख्याखाली पुठ्ठ्यानं वारा घेत बसला होता.

“या ताई, या! पाणी मागवू?”

“पाणी नंतर. माझं नाव माझ्या भावाच्या नावावर कुणी केलं?”

त्यानं कॉम्प्युटरकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग पुठ्ठ्याकडे. “त्याचं असं आहे ताई... देशाच्या अक्षरांचं नाव इथे राहणाऱ्यालाच मिळतं. नव्या मालकाचे कागद तपासायला कार्यालयाला आठवडा लागतो. पण ज्याचे तपासून झालेत, त्याच्या नावावर लगेच मिळतं. तुम्हाला तर आजच्या आज हवं होतं.”

“मग?”

“मग तपासलेल्यांच्या यादीत सगळ्यात वर जो होता, त्याच्या नावावर घेतलं. वर दादा होते. तुमचे कागद तपासून आले की मालक बदलणार होतो. म्हटलं, होऊन...”

“जाईल,” सून म्हणाली. “आणि दादामामांच्या वेळी सगळ्यात वर कोण होतं?”

“शवपेट्या बनवणारे काका.”

“म्हणजे मामांच्या बाहुल्यांच्या कारखान्याचे मालक शवपेटीवाले काका?”

“तात्पुरते हो! सगळं तात्पुरतंच आहे. सगळ्या पेठेचं.”

ताईंनी कपाळावर हात मारला. “आणि माझं नाव विकायला निघालास ते?”

“मी कसा विकणार? मी मालकच नाही! विकायचं तर दादांनी फोनवर ‘मान्य’ दाबायला हवं. मी आपला त्या मॅनेजरला सवयीनं बोललो.”

“मग मला तरी दे करून आत्ताच्या आत्ता.”

“त्यालाही दादांनीच दाबायला हवं. माझ्या हातात काही नाही, देवाशपथ.” एवढं म्हणून तो खुर्चीत मागे रेलला. हातात काही नाही म्हटल्यावर त्याला फार हलकं वाटलं असावं.

या वेळात सूनबाई फोनवर काहीतरी टाइप करत होत्या. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हळूच वर गेला.

“होऊनजाईलकाका, तुमचं स्वतःचं ते नावांचं दुकान, ते इंटरनेटवर केव्हा घेतलंत?”

“ताईंचे कागद तपासून आले, त्याच आठवड्यात. नवं रूप दिलं ना मी धंद्याला.”

“आणि तेव्हा सगळ्यात वर कोण होतं?”

पुठ्ठा हलायचा थांबला. होऊनजाईलचा चेहरा एखाद्या बाहुलीचं आतलं रबर सटकावं तसा सैल झाला.

“आई,” सून गोड आवाजात म्हणाली, “यांच्या दुकानाच्या मालकीण तुम्ही आहात.”

ताईंनी खोलीकडे नव्यानं पाहिलं. मग पदर सावरून, सावकाश, त्या त्याच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. “पाणी मागवणार होतात ना? मागवा. आणि पंखा आजच दुरुस्त करून घ्या, मला माझ्या दुकानात असं घामाघूम झालेलं चालत नाही.”

“ताई, तेवढं नाव...”

“होऊन जाईल,” ताई म्हणाल्या. “पण आधी माझ्याबरोबर दादाकडे चला. आणि तिथे मी डोळे वटारले की तोंड बंद.”

आता खरी परीक्षा. दादानं एकदा नाही म्हटलं की नाव कायमचं गेलं, आणि खोक्यांतून येणारे रुग्ण खेळण्यांच्या मोठ्या दुकानात. वरच्या गल्लीचा चढ चढताना ताई मनातल्या मनात भांडणाची जुळवाजुळव करत होत्या. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, मग ड्रॉवरचा विषय. दारापाशी पोचेपर्यंत भांडण अगदी तयार होतं.

कारखान्यात ओल्या रंगाचा वास होता. दोरीवर बाहुल्यांचे पाय वाळत टांगलेले. दादा चष्मा कपाळावर ढकलून एका बाहुलीचे ओठ रंगवत होता. त्यानं मान वर केली, बहिणीला पाहिलं, आणि ब्रश पाण्यात ठेवला.

“आलीस, चिमणे?”

चिमणे! हे नाव किती वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. ताई जुळवून आणलेलं पहिलं वाक्यच विसरल्या.

“मी म्हणतच होतो,” दादा म्हणाला, “आज ना उद्या येईल. तू दवाखाना माझ्या नावावर केलास ना, कार्यालयाचं पत्र फोनवर आलं तेव्हाच मी समजलो. तोंडानं बोलणार नाही, पण बापाचं नाव थोरल्याच्या हवाली करून गप्प बसेल. लहानपणीही अशीच होतीस. रुसलीस की माझ्या उशाशी पेरू ठेवून पळायचीस.”

होऊनजाईलनं घसा खाकरला. “अहो दादा, ते तर माझ्या आळसा...”

ताईंनी असे डोळे वटारले की फळीवरच्या बाहुल्यांनीसुद्धा पापण्या मिटल्या असत्या. शिवाय त्यांची चप्पल होऊनजाईलच्या अंगठ्यावर पडली. त्यानं तोंड मिटलं. ज्याच्या दुकानाचं नाव दुसऱ्याच्या हाती, तो किती बोलणार?

“हो,” ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. “तसंच समज. पण आता ते मोठं दुकान मागे लागलंय.”

“कालच येऊन गेला तो मॅनेजर. मी त्याला एवढंच सांगितलं, साहेब, आमच्या बाहुल्या न्या, पण बाप विकायला नाही. मग या होऊनजाईलकडे गेला असेल.” दादानं फोन पुढे केला. “काय दाबायचं, दाखव.”

होऊनजाईलनं आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम उभ्याउभ्या केलं. मालक बदलण्याचा अर्ज धाडला आणि दादाच्या फोनवर पत्र आलं. दादाचं बोट ‘मान्य’वर जाऊन थांबलं.

“एक अट आहे.”

“आली का! म्हटलं अजून कशी नाही आली.”

“मालकाशी असं बोलतात?” दादा हसला. “डावे डोळे घेऊन ये उद्या. उजवे माझ्याकडे कंटाळलेत.”

“अर्धे जोड दवाखान्याला.”

“अर्धे. पण जोड, हं! पुन्हा तुझी ती वाटणी नको.”

“माझी? ती तुझी होती!”

“तुझी!”

आणि भांडता भांडता त्यानं बोट टेकवलं. सुनेनं कार्यालयाचं पान पुन्हा उघडून ताईंसमोर धरलं. मालक म्हणून तिथे ताईंचं नाव होतं. ताईंनी चष्मा काढून पुसला. धूळ नव्हती, तरी पुसला.

निघताना दारातच शवपेटीवाले काका भेटले. खांद्यावर भुसा, तोंड हसून हसून लाल.

“अगं ताई, दादानं सांगितलं का? त्याच्या कारखान्याचा मालक मी निघालो! तो मॅनेजर येऊन गेल्यावर यानं शोध लावला, आणि कालपासून आम्ही दोघं हसतोय. त्या होऊनजाईलनं साऱ्या पेठेचा काला करून ठेवलाय!”

ताई जागच्या जागी थांबल्या. कालपासून? म्हणजे दादाला ठाऊक होतं, बहिणीनं काहीही त्याच्या नावावर केलेलं नाही ते. त्यांनी मागे वळून पाहिलं. दादा खिडकीशी बसून बाहुलीचे ओठ रंगवत होता. इतक्या लक्षपूर्वक की त्याला जणू जगात दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. फक्त त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी थाप मारली की व्हायचे तसे.

“काय झालं, आई?” सुनेनं विचारलं.

“काही नाही. चल, डोळे पुसून ठेवायचेत.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “काचेचे गं. बघतेस काय!”

होऊनजाईलला त्याचं नाव ताईंनी लगेच परत दिलं नाही. आधी एकेका गिऱ्हाइकाला बोलावून ज्याचं नाव त्याच्या हवाली करायला लावलं. न्हावी सुईणीला भेटला, सुईण कुलूपवाल्याला, आणि त्या खोलीत, दुरुस्त झालेल्या पंख्याखाली, इतकं हसणं झालं की खालचा झेरॉक्सवाला वर बघायला आला. सगळ्यांत शेवटी ताईंनी ‘मान्य’ दाबलं.

संपली गोष्ट. आता घरी जाल, देवासमोर हात जोडाल, आपल्या माणसांसाठी काही मागाल. त्यात त्या आळशी होऊनजाईलचीही आठवण ठेवा. त्यानं त्या दिवशी आपलं काम चोख केलं असतं, तर दोन पेट्यांतले डोळे अजून एकेकटेच बसले असते.