न सांगितलेली जन्मवेळ

रविवारची सकाळ होती. जे. पी. नगरमधल्या दुमजली घराच्या स्वयंपाकघरात भागुबाई खाली बसून भिजवलेल्या अवरेकाळूची, म्हणजे पावट्याच्या दाण्यांची, सालं काढत होत्या. दाणा चिमटीत धरून दाबला की आतली डाळ परातीत पडायची. त्यांची सून अश्लेषा जवळच स्टुलावर बसून तेच करत होती. दिवस भरत आले होते, तिला खाली बसवत नव्हतं. तिचा नवरा अजित बाहेर पेपर वाचत पडला होता. होसकोट्याच्या कारखान्यात तो इंजिनिअर होता, आणि रविवारच काय तो त्याचा मोकळा.

तेवढ्यात श्रीहरी जोशी आले. बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांचे हे ज्योतिषी. लग्न, मुंज, वास्तुशांत यांचे मुहूर्त ते काढत, आणि अलीकडे सिझेरियनचेही. भागुबाईंनी हात धुऊन त्यांना कॉफी दिली. श्रीहरींनी सांगितलं की येत्या गुरुवारी गुरुपुष्य आहे, सकाळची अमुक वेळ साधली तर मूल घराण्याचं नाव काढील आणि दीर्घायुषी होईल. डॉक्टरांनी दिलेली तारीख अजून तीन आठवडे पुढे होती. तरी भागुबाईंनी मान डोलावली, अजितनंही डोलावली. आत स्टुलावर बसलेल्या बाईला कुणी विचारलं नाही.

भागुबाई दुष्ट नव्हत्या, हे सांगायला हवं. अजित अमावास्येला जन्मला आणि वर्षाच्या आत त्याचे वडील रस्त्यावरच्या अपघातात गेले. सासरच्यांनी तो दोष तान्ह्या पोरावर ठेवला आणि भागुबाईंना पोरासकट घराबाहेर काढलं. लोकांचे कपडे शिवून त्यांनी त्याला वाढवलं, शिकवलं, पुढं हे घर बांधलं. पण इतकं सोसूनही त्यांना तो आरोप खोटा होता असं कधी वाटलं नाही. वेळ वाईट होती, एवढंच त्या मनाशी धरून बसल्या. त्यात सून मिळाली ती अश्लेषा. ज्या नक्षत्रावरची मुलगी सासूला वाईट म्हणतात, त्याच नक्षत्रावर ती जन्मली होती. निपाणीला शाळामास्तर असलेल्या तिच्या वडिलांनी, लोक कुजबुजायला लागले म्हणून, मुद्दाम तेच नाव ठेवलं. प्रेमविवाह होता, भागुबाईंचा इलाज चालला नाही. पण सुनेचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. ‘अगं ए मुली’ म्हणूनच त्या हाक मारत.

गुरुवारी अश्लेषाला नर्सिंग होममध्ये नेलं. कळा येईपर्यंत थांबूया, असं तिनं डॉक्टरीणबाईंना सांगून पाहिलं. बाई हसून म्हणाल्या, हल्ली सगळेच मुहूर्त आणतात, काही होत नाही. अजितनं सही केली. टेबलावर तिचे दोन्ही हात पसरून पट्ट्यांनी बांधले, आणि ती थंडीनं की भीतीनं थरथरायला लागली. पाठीत सुई नीट जाईना. भूल देणारा चिडला. दाराबाहेर भागुबाई फोनवर श्रीहरींशी बोलत होत्या, आणि अजून किती वेळ, असं दर थोड्या वेळानं आत विचारायला लावत होत्या.

मुलगी झाली. मुहूर्त टळून काही मिनिटं झाली होती. ती रडली नाही, कण्हली. तिचा श्वास छातीत पुरा भरेना. काचेच्या पेटीत ठेवलं, नळ्या लावल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. अश्लेषानं तिला एकदाही हातात घेतलं नव्हतं. तिनं विचारलं तेव्हा सगळे म्हणाले, आता घेऊन काय करणार.

घरी आल्यावर भागुबाई रडल्या. खरंच रडल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “अगं ए मुली, तू स्वल्प धीर धरला असतास तर वेळ साधली असती. थरथरत बसलीस, आणि पोर वाईट घटकेत आली.”

श्रीहरींनीही तेच सांगितलं. आपण दिलेल्या वेळेत झालं असतं तर असं घडलंच नसतं. आणि आईचं नक्षत्रही बघायला हवं, असं त्यांनी हलक्या आवाजात जोडलं.

अश्लेषा माहेरी निपाणीला गेली, दूध आटेपर्यंत राहिली. वडील म्हणाले, परत जाऊ नकोस. पण आपण परतलो नाही तर काय सांगितलं जाईल, हे तिला दिसत होतं: वाईट नक्षत्राची सून होती, आली आणि पोर घेऊन गेली. ती गोष्ट तिला त्यांच्या हाती द्यायची नव्हती. ती बंगळुरूला परतली, पण नांदायला नव्हे. अजितला तिनं सांगितलं की मी वरच्या मजल्यावर राहीन, चूल वेगळी करीन, आणि या घरानं माझ्याकडून जे घेतलं त्याचं उट्टं काढल्याशिवाय जाणार नाही. अजितनं खाली बघत विचारलं, “माझ्यावर पण?”

“तुमच्यावर पण,” ती म्हणाली. “सही तुमची होती.”

पुढची दोन वर्षं ती कोरमंगलाच्या कंपनीत कामाला जायची आणि घरी आली की दार लावून घ्यायची. श्रीहरींचा आवाज जिन्याखाली ऐकू आला की तिच्या पोटावरच्या व्रणाला चुणचुण लागे. रस्त्यात त्यांची स्कूटर दिसली तरी ती खाली पडलेली आणि ते चिखलात लोळत असलेले तिला दिसायचे, आणि तिला त्याची लाज वाटत नसे. अजित कामावरून आला की वर येऊन मुकाट्यानं भांडी घासायचा. तिच्याशी बोलायला त्याला सहा महिने लागले. एका संध्याकाळी तो म्हणाला, मी तिला पेटीत पाहिलं होतं, तिची बोटं माझ्यासारखी होती, हे तुला सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा दोघं एकत्र रडली.

तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं एका इस्पितळाचं नाव सुचवलं. तिथं बाळंतपण दाई करतात, म्हणजे परिचारिकेचं शिक्षण घेऊन वर वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या बाया. गरज लागली तर डॉक्टर आणि ऑपरेशनची खोली त्याच इमारतीत. अश्लेषा आणि अजित गेले. धनलक्ष्मी नावाची दाई भेटली. चाळिशीची, उंच, मोठ्या आवाजाची. अश्लेषा सीमेवरची, कन्नड तिला मराठीइतकंच येई, म्हणून दोघींचं बोलणं कन्नडमध्येच सुरू झालं.

धनलक्ष्मीनं आधी काही तपासलं नाही. मागच्या वेळी काय झालं ते पहिल्यापासून सांगा, म्हणाली. अश्लेषानं सांगितलं. मध्येच गप्प झाली तरी धनलक्ष्मी घाई करत नव्हती. मग तिनं ‘पोटाला हात लावू का?’ असं विचारलं. इतका साधा प्रश्न, पण मागच्या वेळी तो कुणीच विचारला नव्हता. पुढं तिनं दोघांना स्पष्ट सांगितलं की मागचा टाका असल्यानं नैसर्गिक बाळंतपणात थोडा धोका असतो, डॉक्टरांनी आधी पाहायला हवं, कळांच्या वेळी बाळाचे ठोके सतत ऐकावे लागतील, आणि काही वेगळं दिसलं तर ऑपरेशन करावं लागेल. पण ते तुम्हाला समजावून, विचारून.

“आणखी काय हवंय तुम्हाला?” तिनं शेवटी विचारलं.

“मला सूड घ्यायचाय,” अश्लेषा म्हणाली.

अजित चपापला. धनलक्ष्मी चपापली नाही. “घ्या की,” ती म्हणाली. “मी तुमच्या जागी असते तर मलाही हवा असता. फक्त कळा सुरू झाल्या की तो दाराबाहेर ठेवा. रागात अंग आवळतं, आणि बाळाला वाट मोकळी लागते. बाळ झाल्यावर पुन्हा उचला.”

त्यानंतर दर भेटीला धनलक्ष्मी असायची, नाहीतर तिच्या दोन सहकारणींपैकी कुणी. ती अश्लेषाला बाळाचे ठोके ऐकवायची, डोकं कुठं आहे ते तिचाच हात धरून दाखवायची. कशानं झोप लागत नाही, काय खावंसं वाटतं, स्वप्नात काय दिसतं, हेही विचारायची. अजितला कंबर कशी दाबायची ते शिकवलं. हळूहळू अश्लेषाला आपलं शरीर पुन्हा आपलं वाटायला लागलं.

पण सूड ती विसरली नव्हती. घरी तिनं बाळंतपणाची तारीख महिनाभर पुढची सांगितली. भागुबाईंनी पुन्हा श्रीहरींना बोलावलं, आणि त्यांनी पुन्हा एक उत्तम मुहूर्त काढला. अश्लेषानं तो ऐकून घेतला आणि ‘सरी’, म्हणजे ठीक आहे, म्हणाली. भागुबाईंना वाटलं, पोरगी सुधारली.

कळा सुरू झाल्या तेव्हा अजितनं आईला सांगितलं की आम्ही दोन दिवस मित्राकडं राहायला जातोय. दोघं इस्पितळात गेली. त्या खोलीत टेबल नव्हतं, रुंद पलंग होता, पडदे ओढलेले होते. अश्लेषा फेऱ्या मारत राहिली, मग गरम पाण्याच्या फवाऱ्याखाली उभी राहिली, मग अजितच्या गळ्यात हात टाकून लोंबकळली. धनलक्ष्मी फार बोलत नव्हती. ठोके ऐकायची, ‘छान आहे’ म्हणायची, पाठीवर हात ठेवायची. डॉक्टर दारापर्यंत आले, धनलक्ष्मीशी बोलले, अश्लेषाला काही हवंय का विचारलं आणि गेले. एका कळेला अश्लेषा ओरडली की मला जमणार नाही, मागच्यासारखंच होणार, घरचे म्हणाले तसं मीच पोर खाणार. धनलक्ष्मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

“माझ्याकडं बघा. इथं कुणीही घड्याळाकडं बघत थांबलेलं नाही. तुम्ही आणि तुमचं बाळ, दोघं मिळून ठरवा.”

अश्लेषानं तिचे खांदे गच्च धरले. मागून अजितनं तिला सावरलं होतं. मुलगी आली तेव्हा अश्लेषाही गुडघ्यांवर होती. धनलक्ष्मीनं बाळ तिच्याच हातांत दिलं, ओलं, गरम, चिडून रडणारं. नाळ कापायची कुणी घाई केली नाही. अश्लेषा तिला छातीशी धरून किती तरी वेळ नुसतं तिचं रडणं ऐकत राहिली.

ती वेळ कोणती होती, ते इथं मुद्दाम लिहीत नाही.

मुलीला घेऊन दोघं घरी आली तेव्हा भागुबाई आधी घाबरल्या, मग हरखल्या, मग लगेच वेळ विचारायला लागल्या. अजितनं बारशाला सांगू म्हणून टाळलं. बारशाला घर भरलं. बेळगावकडचे नातेवाईक आले, समोरच्या घरातली भार्गवी सातव्या महिन्याचं पोट सांभाळत आली. श्रीहरी पंचांग उघडून बसले. भागुबाई म्हणाल्या, “सांग आता. जोशी खोळंबलेत.”

अश्लेषा पाळण्याजवळ उभी राहिली. या क्षणाची तिनं दोन वर्षं वाट पाहिली होती. 

“वेळ मला ठाऊक आहे, ह्यांना ठाऊक आहे. ती सांगणार नाही. या मुलीची पत्रिका होणार नाही. श्रीहरीकाका, माझ्या पहिल्या मुलीला दीर्घायुष्य आहे, असं याच घरात बसून तुम्ही म्हणाला होतात. तुमच्या वेळेसाठी ती पोटातून अवेळी काढली. तिला श्वासही घेता येईना. तेव्हा दोष माझ्या थरथरण्याचा निघाला, माझ्या नक्षत्राचा निघाला. तुमचा कधीच नाही निघाला. आता सगळ्यांच्या देखत सांगा, ती कशानं गेली?”

श्रीहरी पंचांग मिटून उठले. असल्या घरात आपण बसत नाही, असं काहीतरी पुटपुटत बाहेर पडले. कुणी त्यांना थांबवलं नाही. अश्लेषाला ते पाहताना इतकं बरं वाटलं, की तसं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

भागुबाई मुलाकडं वळल्या. “अजित, तू होतास तिथं. तू सांग.”

“मी नाही सांगणार, आई,” अजित म्हणाला. “मागच्या वेळी मी तुझं ऐकलं.”

नाव ठेवलं उल्का. आकाशातून तुटून पडणारी, अशुभ, असं बायका कुजबुजल्या. अश्लेषा ते ऐकून हसली. तिच्या वडिलांनी निपाणीहून आणलेले पेढे तिनं स्वतः सगळ्यांना वाटले.

पाहुणे गेल्यावर भागुबाई जिना चढून वर आल्या. याआधी त्या कधी वर आल्या नव्हत्या. दारातच उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि अश्लेषाला त्याची दया आली नाही.

“एवढंच सांग,” त्या म्हणाल्या. “अमावास्या लागली होती का नव्हती? मग काही विचारणार नाही.”

“तुमचा मुलगा अमावास्येचा,” अश्लेषा म्हणाली. “एकेचाळीस वर्षांत त्याच्यात काय वाईट निघालं, ते तुम्ही आधी सांगा.”

अजित मोरीत भांडी घासत होता, त्याच्या पाठीकडं भागुबाईंनी पाहिलं. मग भिंतीला धरून खाली बसल्या. भांड्यांचा आवाज थांबला तेव्हा उठून खाली गेल्या.

पुढच्या आठवड्यात भार्गवी आली. तिच्या सासूनं श्रीहरींकडून मुहूर्त काढून आणला होता. ती नवऱ्याशी भांडली होती, तरीही तो ऐकेना. त्या दाईचा पत्ता द्याल का, असं तिनं विचारलं. अश्लेषा म्हणाली, पत्ता कशाला, मी बरोबर येते. तुमच्या सासूबाईंशीही मीच बोलते, आणि नुसतं बोलणार नाही, माझ्या पोरीचं काय झालं ते त्यांना पहिल्यापासून ऐकवते.

उल्काला दुपट्यात गुंडाळून ती जिना उतरली. खालच्या ओसरीवर भागुबाई बसल्या होत्या. कुठं निघालात, असं त्यांनी विचारलं.

“श्रीहरींचं गिऱ्हाईक तोडायला,” अश्लेषा म्हणाली. “सगळी तोडणार आहे. एक एक करून.”

बाहेर ऑटो उभी होती, भार्गवी आत बसली होती. भागुबाईंनी रस्त्याकडं पाहिलं, मग नातीकडं.

“ऊन आहे,” त्या म्हणाल्या. “पोरीला ठेवून जा, अश्लेषा.”

तिचं नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं होतं. अश्लेषानं वाकून मुलगी त्यांच्या मांडीवर ठेवली, दूध किती वाजता द्यायचं ते सांगितलं आणि ऑटोत जाऊन बसली.

जन्मवेळ मात्र तिनं सांगितली नाही. अजूनही सांगितलेली नाही.