सेटिंगचं कार्ड

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात आर्थर एकतीस वर्षं सेटर होता. मशीनचा वेग आणि दाब ठरवून द्यायचा, हे त्याचं काम. तिथे नियम होता: सेटिंग बदललं की कार्डावर आकडा, वेळ आणि सही करायची, आणि कार्ड मशीनला टांगायचं. पुढच्या पाळीचा माणूस अंधारात राहता कामा नये. आर्थरने हा नियम कधी मोडला नाही. मोडला तो घरात.

त्याच्या बायकोला, बिट्रिसला, कंपवात होता. मार्चमध्ये डॉक्टरांनी तिच्या मेंदूत दोन बारीक तारा बसवल्या, छातीत कातडीखाली बॅटरी ठेवली आणि तारांतल्या विजेचा जोर कमी-जास्त करायचा रिमोट आर्थरच्या हातात दिला. म्हणाले, ‘‘तीनवर हाताचा कंप थांबतो, तेवढं पुरे. अगदीच गरज पडली तर पाच.’’

तीनवर हात थांबला. पण यंत्र जास्त देत असेल तर कमीवर का चालवायचं, हा सेटरचा हिशेब. जूनमध्ये त्याने पाच केलं.

बिट्रिस पालटली. जुने फोन नंबर धडाधड सांगू लागली, शेजारच्या रमाबाईंना हसवून बेजार करू लागली, चर्चच्या क्वायरमध्ये परत गेली. नऊ वर्षांनी घरात गाणं ऐकू आलं. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा ऑलिव्हर घोडबंदर रोडला बाईकवरून पडून गेला होता. पाचचं आर्थरने कोणाला सांगितलं नाही. बिट्रिसलाही नाही.

दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस. ऑलिव्हरची कबर दरवर्षी बिट्रिसच धुवायची, दुसऱ्या कोणाला फडकं लावू द्यायची नाही.

आदल्या दिवशी आर्थर म्हणाला, ‘‘झेंडू आणि मेणबत्त्या आणून ठेवतो.’’

‘‘तूच जाऊन ये ना. माझी प्रॅक्टिस आहे. दगड काय पळून जातोय?’’ ती हसली.

ऑलिव्हरच्या कबरीला ती दगड म्हणाली, हे पाचचंच काम, हे आर्थरला कळलं. दुपारी ती झोपली तेव्हा त्याने आकडा तीनवर आणला.

दुसऱ्या दिवशी ती न बोलावता निघाली. ओल्या फडक्याने कबर पुसता पुसता बोटं नावावर आली, आणि ती तिथेच बसली. बराच वेळ रडली. मग म्हणाली, ‘‘काल मी दगड म्हटलं रे. मी असं कशी बोलले?’’

आर्थरने सगळं सांगितलं.

‘‘पाच महिने?’’

‘‘तू खूश होतीस, बिट्रिस.’’

‘‘होते. खोटं कशाला बोलू? गाणं मला पाहिजेच होतं. पण विचारलंस का?’’ तिने फडकं पिळलं. ‘‘मशीनला कार्ड लावायचास. मला नाही लावलंस.’’

तिने हात पुढे केला. त्याने खिशातून रिमोट काढून दिला.

संध्याकाळी फ्रिजच्या दांडीला दोऱ्याने एक पुठ्ठा लटकला. ‘३. दोन नोव्हेंबर, सहा वाजता. बिट्रिस.’

पुढच्या शनिवारी खाली दुसरी ओळ आली: ‘५. सकाळी दहा ते बारा, प्रॅक्टिस. बिट्रिस.’ आतून तिचा आवाज येत होता, मोकळा, उंच. आर्थर पुठ्ठ्यापाशी उभा राहून ऐकत होता. ती पाचवरच राहील, असं त्याला वाटलं. राहावी असंही वाटलं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

बारा वाजता गाणं थांबलं. बिट्रिस बाहेर आली, पेन घेतलं आणि तीनचा आकडा लिहून खाली सही केली. मग ऑलिव्हरच्या फोटोवरची धूळ पदराने पुसत उभी राहिली.