सिद्धम्माची चाळीस पानं

रेणापुरात सिद्धम्माची पिठाची गिरणी. बाईला कादंबऱ्यांचा लई नाद, आणि वेळेच्या नावानं बोंब! आजवर तिनं जे काही वाचलं ते लोडशेडिंगच्या कृपेनं. लाईट गेली की गिरणी थंड, डबे रांगेत आणि बाई पुस्तकात. पण यंदा मेली लाईट जाईचना. सगळं गाव खूश, सिद्धम्माचं मात्र डोकं उठलं.

वाचनालयाची जाडजूड कादंबरी आज पाचपर्यंत परत द्यायची होती. मुदत दोनदा वाढवून झालेली, पुढच्या माणसानं नंबर लावून ठेवलेला. चाळीस पानं राहिली होती. घर सोडून गेलेली त्यातली बाई परत येते की नाही, हे कळायच्या आत पुस्तक देणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. सकाळपासून सतरा वेळा पुस्तक उघडलं, सतरा वेळा मिटलं. कुणाला गहू बारीकच पाहिजे, कुणाला ज्वारीवर ज्वारीच पाहिजे. आग लागो त्या दळणाला!

दुपारी दोन वाजता तिनं सरळ मेन स्विच खाली ओढला.

"लाईट गेली," दारात डबा घेऊन आलेल्या तुळजाबाईला तिनं सांगितलं आणि पुस्तक उघडलं.

तुळजाबाई घरी जाईल तर शपथ! बाकड्यावर बैठक मारून तिनं सुनेचं गाऱ्हाणं सुरू केलं. सिद्धम्मा एकाच ओळीवरून चार वेळा गेली. तेवढ्यात तुळजाबाईची नजर समोर गेली.

"अगं, कटिंगच्या दुकानात पंखा फिरून राहिलाय की! तुझ्याकडंच काहीतरी बिघडलंय. थांब, बसवराज वायरमनला फोन लावते."

"नको हो मावशी, येईल आपोआप."

"आपोआप कशी येईल? आमच्या गल्लीतलाच हाय, पळत येतो बघ."

आला ना! एरवी चार चकरा मारल्या तरी न सापडणारा बसवराज आज दहा मिनिटांत हजर. त्यानं स्विचकडं बघितलं, मग सिद्धम्माकडं.

"कुणी बंद केला हो ह्यो?"

"मी केला!" सिद्धम्मा कडाडली. "मला वाचायचंय. चाळीस पानं राहिलीत. चारपर्यंत गिरणी बंद. काय बोलायचं ते बोला!"

मग तुळजाबाई उठली.

"मग तसं सांगायचं की बाई. दोन दिसाचं पीठ हाय घरात. वाच तू."

डबा तिथंच ठेवून ती निघाली. समोरून डबे घेऊन येणाऱ्या दोघींनाही तिनं "वाचून राहिली ती, चारला या" म्हणून माघारी वळवलं. बसवराजही जाताना दार पुढं ओढून गेला.

गिरणीत सामसूम. पुस्तक मांडीवर उघडं, आणि सिद्धम्माला रागानं एक अक्षर दिसेना. राग तुळजाबाईचा नव्हता, बसवराजचा नव्हता. गिरणीच्या तेवीस वर्षांत एकदा तरी तोंड उघडून सांगितलं असतं तर! तिनं पदरानं डोळे पुसले, स्वतःलाच एक कचकचीत शिवी हासडली आणि वाचायला लागली.