सगळीच उत्तरं चूक

बाईंनी शाळा सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना सगळे बाईच म्हणत. घरात त्यांची सूनही बाईच म्हणे. पोर्तुगीज भाषा शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. वर्गातल्या अगदी ठोंब्या पोरापुढेही त्यांनी कधी हात टेकले नव्हते. आणि आता म्हातारपणी स्वतःच्या सुनेपुढे ती वेळ आली होती.

मुलगा दूरच्या एका बंदरावर जहाजांची इंजिनं दुरुस्त करी. तिकडे सगळा व्यवहार पोर्तुगीजमधून. बायकोला न्यायचं तर तिने भाषेची परीक्षा पास व्हायला हवी, असा तिथला नियम. परीक्षा येत्या सोमवारी होती. सून काही मंद नव्हती. चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचं तिचं काम, केसाएवढा ओरखडाही तिच्या नजरेतून सुटत नसे. क्रियापदं तर तिने हां हां म्हणता घशाखाली घातली. गाडं अडलं ते एकाच धड्यावर. नामाला चिकटून राहणारं विशेषण कोणतं आणि नामाविषयी काही सांगायला विधेयात येऊन बसणारं कोणतं, हे काही केल्या तिला उमगेना.

"शाळेत शिकली नाहीस का गं? अधिविशेषण आणि विधिविशेषण. साधारण तेच हे."

"तेव्हा मी खिडकीबाहेर बघत असायची, बाई."

शेवटी बाईंनी तिला मागच्या सज्जात नेलं. वाळत घातलेला एक रुमाल आणि एक पायमोजा तेवढा दोरीवर ठेवला, बाकी कपडे बाजूला सारले.

"हे बघ. 'आ मेनीना कांसादा दोर्मिऊ', दमलेली मुलगी झोपली. रुमाल म्हणजे मुलगी. मोजा म्हणजे दमलेली. मोजा मी रुमालालाच चिमट्याने लावला. आता रुमाल ओढ."

सुनेने रुमाल ओढला. मोजाही मागोमाग आला.

"आला ना? 'मुलगी' काढून नुसतं 'ती' म्हटलंस की 'दमलेली' तिच्याबरोबरच जातं. ती झोपली, बस्स. हे नामाला चिकटलेलं. आता दुसरं. 'आ मेनीना दोर्मिऊ कांसादा', मुलगी झोपली, पण दमलेली अशी झोपली. मोजा दोरीलाच वेगळा लावते. ओढ रुमाल."

रुमाल हातात आला. मोजा दोरीवर एकटाच लोंबत राहिला.

"राहिला ना मागे? 'ती झोपली दमलेली.' हे विधेयातलं. कळलं?"

"कळलं की. म्हणजे पहिला मोजा विधेयातला."

"अगं, उलटं!"

"हां, उलटं. मग चिकटलेला तो दुसरा."

बाईंनी कपाळावर हात मारला. शेजारच्या सज्जात शिंपीण मशीनला तेल घालत होती. ती म्हणाली, "बाई, आधी त्या मोज्याचा जोडीदार शोधा, मग व्याकरण शिकवा!"

"तुम्ही तुमचं तेल घाला."

"घालते. पण पोरगी गेल्यावर मी यायचं का तुमच्याकडे झोपायला? माझी खोली गळतेय, तुमची रिकामी पडेल."

"मला कुणाच्या सोबतीची गरज नाही," बाई म्हणाल्या. हे त्या शिंपिणीला नेहमीच ऐकवत. मागच्या थंडीत न्हाणीघरात पाय घसरून त्या पडल्या, सुनेने कवेत धरून उठवलं, त्या दिवशीही त्यांनी हेच म्हटलं होतं. वर सुनेला बजावलं होतं, "त्याला फोनवर एक अक्षर बोलायचं नाही."

सुनेचा सराव चालूच राहिला. दुकानातून आली की ती हातपाय धुऊन वाक्यांखाली खुणा करायला बसे, आणि बाईंची तांबडी पेन्सिल झिजत जाई. एवढं सोपं करून सांगितलं तरी हिला का कळत नाही? बाईंना स्वतःचीच शंका येऊ लागली. आपणच जन्मभर उलटं शिकवत आलो की काय? त्यांनी ट्रंकेतून व्याकरणाचं जुनं पुस्तक काढलं. त्यात सगळं जागच्या जागी होतं. मग पुन्हा वाचलं, तर मोजा कुठला आणि रुमाल कुठला तेच कळेना. सकाळी डोळे मिटून देवाचं नाम घ्यायला बसल्या, तर नामामागून विशेषणं येऊन बसू लागली. "देवा, हिच्या डोक्यात उजेड पाड," त्या पुटपुटल्या. "आणि माझ्या डोक्यातला घालवू नकोस."

शनिवारी दुपारी त्यांनी मोठी प्रश्नपत्रिका काढून दिली. सुनेने ती निमूट सोडवली आणि भांडी घासायला गेली. बाई तपासू लागल्या. चूक. चूक. हेही चूक. पान उलटलं, तर तिथेही चूक. शेवटच्या वाक्यापाशी त्यांचा हात थबकला. त्यांनी कागद पहिल्यापासून पुन्हा पाहिला. आयुष्यभर त्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे तपासले होते, पण असा कागद कधी पाहिला नव्हता.

"सूनबाई, जरा इकडे ये. बस."

"पुन्हा चुकलं का हो?"

"सगळं."

"माझं डोकंच नाही बाई त्यात."

"डोकं आहे म्हणून तर सगळं चुकलं. ज्याला काहीच येत नाही ना, त्याचं आंधळ्यासारखं ठोकलेलंही निम्मंअर्धं बरोबर लागतं. एकही बरोबर येऊ द्यायचं नाही, हे सगळं येणाऱ्यालाच साधतं."

सून ओल्या बोटांनी पदराचं टोक पिळत बसली.

"तुमचं दोघांचं काही बिनसलंय का? जायचं नाही तुला?"

"नाही हो! कधी येतेस, कधी येतेस, करून तो रोज जीव खातो. मलाही का वाटत नाही?"

"मग?"

"तुम्ही पडलात त्या दिवशी मी घरात होते," सून हळूच म्हणाली. "पुढच्या वेळी कोण असेल? शिंपीणकाकूंना तुम्ही उंबरा ओलांडू देत नाही, त्याला कळवू देत नाही. मी राहते म्हटलं असतं तर तुम्ही राहू दिलं असतं? नापास झाले की प्रश्नच मिटला. कुणी कुणाला काही सांगायला नको."

बाईंना राग आला. माझ्या शिकवण्याला बट्टा लावलास, असं त्या म्हणणारही होत्या. पण रागामागून दुसरंच काहीतरी वर येत होतं. त्या उठायला गेल्या तर गुडघा धरला. सुनेचा हात पुढे आला आणि सवयीने मागे गेला. बाईंना हात दिलेला आवडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाईंनी स्वतःच हात पुढे केला. "धर," त्या म्हणाल्या. "बघत काय बसलीस?"

तिच्या हाताच्या आधाराने त्या सज्जापर्यंत गेल्या.

"शिंपीणबाई, तुमचं मशीन आमच्या पुढच्या खोलीत मावेल का हो?"

पलीकडची घरघर थांबली. "मशीन मावेल. मी मावेन का ते विचारा!"

"सोमवारी परीक्षा उरकली की सामान आणा. आणि हे बघा, मी रोज पहाटे उठते. कुरकुर चालायची नाही."

"मी घोरते. तुमचीही चालायची नाही."

रविवारी बाईंनी तीच प्रश्नपत्रिका पुन्हा पुढे ठेवली. सून खाली मान घालून खुणा करत गेली आणि कागद देऊन स्वयंपाकघरात पळाली. बाईंनी पेन्सिलीला टोक केलं. बरोबर. बरोबर. पान उलटलं, बरोबर. शेवटचं वाक्य तेवढं चुकलं होतं.

वाक्य तसं अवघड नव्हतं. पण सोपंही नव्हतं. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ही खरीच चुकली, की मुद्दाम चुकली?

"आलं का सगळं?" आतून सुनेने विचारलं.

"एक राहिलं."

"मग आज शिकवाल ना पुन्हा?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. सुनेची पाठ होती, चेहरा दिसत नव्हता. त्या भिंतीला धरून हळूहळू उठल्या आणि तो मोजा कुठे ठेवला ते शोधू लागल्या.